हिंदवाडीचा महाग फ्लॅट की खानापूरचं स्वस्त घर? किलोमीटरआधी खेपा मोजा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहेत, पत्नी शहापूरच्या एका खासगी शाळेत शिक्षिका. मुलगी दुसरीत, वडील सत्तरीचे आणि मधुमेही. सध्या अनगोळला ९,००० रुपये भाड्यानं राहतात. समोर तीन जागा आहेत: हिंदवाडीतल्या जुन्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट, ४८ लाख; खानापूर गावालगत नवं रो हाऊस, ३० लाख; आणि मेव्हण्यानं सुचवलेला, वडगावच्या पलीकडचा बॉण्डवरचा, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर मिळणारा, दीड गुंठा. शेवटी महाराष्ट्रातल्या शिनोळीचंही विचारलंय, 'हद्दीपलीकडे गेलो तर स्वस्त पडेल काय?'

मी सिव्हिल इंजिनिअर. सव्वीस वर्षं बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतोय. माझा नंबर लागतो तो लोकांनी विसार देऊन झाल्यावर. बँक मला जागा बघायला पाठवते, मी टेप लावत असतो आणि घरमालक हळूच विचारतो, 'साहेब, रोज जायला लांब पडंल काय हो?' तेव्हा काय सांगणार? तुम्ही विसाराआधी विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अंतर कुठून मोजायचं ते ठरवू. आपल्याकडे कोणतंही गाव 'बेळगावपासून इतके किलोमीटर' असं सांगतात आणि ते बेळगाव म्हणजे बसस्थानक नाहीतर गणपत गल्ली. एजंटही तसंच सांगतो. पण तुम्ही रोज गणपत गल्लीत जात नाही, उद्यमबागेत जाता. आणि उद्यमबाग खानापूर रोडला, शहराच्या दक्षिण टोकाला आहे. त्यामुळे खानापूर बेळगावपासून २६ किलोमीटर असलं तरी तुमच्या कारखान्याच्या गेटपासून २२ च्या आसपास भरतं, आणि शहराच्या गर्दीत न शिरता तुम्ही कामावर पोचता. उत्तरेकडच्या होनग्याच्या किंवा ऑटोनगरच्या माणसाला हेच खानापूर मी पहिल्या वाक्यात नको म्हणालो असतो. उलट तुमच्या पत्नीला तिथून निघालं की शहराच्या गर्दीत शिरून शहापूर गाठावं लागतं. म्हणजे एकाच घरातून दोन वेगळी अंतरं. पुढचा सगळा हिशेब यावरच फिरतो.

आता पैसे. घराच्या किमतीतला फरक आणि पेट्रोलचा खर्च यांची तुलना लोक करूच शकत नाहीत, कारण एक आकडा लाखांत असतो आणि दुसरा रोजच्या शंभर-दोनशेंत. दोन्ही एका मापात आणायचे. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर एक लाख कर्जाचा महिन्याचा हप्ता ८६८ रुपये येतो. हा आकडा पाठ करून ठेवा. तुमच्या दोन घरांत १८ लाखांचा फरक आहे, म्हणजे महिन्याला सुमारे १५,६०० रुपये. हिंदवाडीत राहण्यासाठी तुम्ही दरमहा हे ज्यादा मोजणार.

दुसऱ्या बाजूला बाइक. सव्वाशे सीसीची गाडी आपल्या रस्त्यांवर लिटरला पंचेचाळीस देते असं धरा. शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलला किलोमीटरमागे सव्वादोन रुपये झाले. टायर, ऑइल, चेन, विमा आणि गाडी जुनी होते त्याची झीज धरली की किलोमीटर चार रुपयांना पडतो. लोक फक्त पेट्रोल धरतात आणि तिथेच फसतात. महिन्याला पंचवीस दिवस जाणं-येणं, म्हणजे घर एक किलोमीटर लांब गेलं की महिन्याला ५० किलोमीटर, २०० रुपये. ८६८ च्या हिशेबानं हे २०० रुपये म्हणजे २३,००० रुपयांच्या कर्जाचा हप्ता. एका माणसाचा, बाइकवरचा, रोजचा एक किलोमीटर म्हणजे तेवीस हजारांचं कर्ज. चारचाकीनं जात असाल तर तोच किलोमीटर साठ हजारांच्या पुढे जातो.

आता तुमची बेरीज करू. हिंदवाडीहून कारखाना चारेक किलोमीटर, खानापूरहून बावीस. फरक १८ किलोमीटर, महिन्याला ३,६००. बाजार, वडिलांचे डॉक्टर, लग्नकार्य अशा किरकोळ खेपांना दीड हजार धरू. १५,६०० मधून ही दोन्ही वजा केली की खानापूरला महिन्याला १०,५०० रुपये वाचतात. हे लहान नाहीत. तुमच्या आत्ताच्या भाड्यापेक्षा जास्त आहेत, म्हणून 'शहरातच घ्या' असं झटक्यात सांगणाऱ्यांचं मी ऐकणार नाही.

पण या हिशेबात मी तुमच्या पत्नीचं येणं-जाणं शून्य रुपये धरलंय. का, तर ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली सरकारी साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. खानापूर ते बेळगाव फुकट, पुढची शहापूरची सिटी बसही फुकट. सोबत आधार कार्ड हवं, बस्स. या एका योजनेनं आमच्या धंद्यातलं गणित बदललंय. आधी जोडप्यातल्या दोघांचीही नोकरी शहरात असेल तर वीस किलोमीटरवरचं घर परवडायचंच नाही. आता बाईची खेप पैशात शून्यावर आली आणि खानापूर, कित्तूर, हुक्केरीच्या बाजूच्या जागांना गिऱ्हाईक वाढलं. खेप शून्य रुपयांची झाली, शून्य मिनिटांची मात्र नाही. सकाळी खानापूरच्या स्टँडवर उभं राहून बघा. गाडी येते ती गच्च भरून, त्यात कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या, कोर्टाची तारीख असलेले म्हातारे. मग बेळगावात उतरून दुसरी बस. घरातून निघून वर्गात पोचेपर्यंत सव्वा-दीड तास धरा, परतताना तेवढाच. शिक्षिकेला हजेरीपटावर वेळेत सही करावी लागते. 'गाडी चुकली' हे एकदा चालतं, आठवड्यातून दोनदा नाही.

माझा अनुभव असा की तिसऱ्या महिन्यात स्कूटर येतेच. मग हिशेब बदलतो. शहापूर खानापूरहून पंचवीसेक किलोमीटर, हिंदवाडीहून दोन. फरक २३ किलोमीटर, म्हणजे महिन्याला ४,६००. १०,५०० तले उरले ५,९००. आणि वेळ? तुमचा रोजचा तासभर ज्यादा, त्यांचा दीड तासाहून थोडा ज्यादा. महिन्याला दोघांचे मिळून सुमारे सदुसष्ट तास. ५,९०० भागिले ६७ म्हणजे तासाला नव्वद रुपयेही नाहीत. तुम्ही सुपरवायझर आहात, ओव्हरटाइमचा दर तुम्हाला ठाऊक आहे.

इथे स्वतःचं सांगतो, कारण ही चूक मी स्वतः पैसे मोजून केलेली आहे. २००४ मध्ये मी वेंगुर्ला रोडला, शहरापासून चौदा किलोमीटरवर घर बांधलं. ले-आउटवाल्यानं बसथांबा येणार, पाण्याची लाइन येणार असं सांगितलं होतं. मी इंजिनिअर, नकाशा वाचता येतो, तरी 'येणार' या शब्दावर विश्वास ठेवला. घर छान झालं. जांभ्या दगडाचं, मागं दोन नारळ. ऑफिसला चौदा किलोमीटर म्हणजे काय, पंचवीस मिनिटं, असा माझा हिशेब. दुसऱ्या वर्षी स्कूटरचं किलोमीटर-मीटर बघून मी चरकलो, म्हणून पेट्रोल पंपानं दिवाळीला दिलेल्या डायरीत एक आठवडा प्रत्येक खेप लिहून काढली. ते पान अजून आहे. सोमवार: ऑफिस, संध्याकाळी मुलीला गणिताच्या शिकवणीला सोडणं, परत आणायला जाणं. मंगळवार: ऑफिस, आईचं रक्त तपासायला उपाशीपोटी सकाळी सातला, मग रिपोर्ट आणायला. बुधवारी गॅसचा नंबर, गुरुवारी पुन्हा शिकवणी, शनिवारी बाजार, रविवारी खडेबाजारात बारशाची खरेदी आणि संध्याकाळी पुन्हा, कारण साडीचा ब्लाऊजपीस बदलायचा होता. ऑफिसच्या सहा खेपा सोडून त्या आठवड्यात तेरा खेपा ज्यादा भरल्या. हिशेब करताना मी फक्त सहा धरल्या होत्या. २०११ मध्ये आम्ही टिळकवाडीत परत आलो, भाड्यानं. ते घर मी विकलं नाही, भाड्यानं दिलंय. तिथे आता एक निवृत्त जोडपं राहतं आणि त्यांना ते अगदी बरोबर पडतं, कारण त्यांच्या खेपा महिन्यातून चार.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी आधी हे काम देतो. वही घ्या, दोन आठवडे घरातल्या प्रत्येकाची प्रत्येक खेप लिहा. वडिलांची साखर तपासणी, डोळ्यांचा डॉक्टर, मुलीचं स्नेहसंमेलन, किराणा, सगळं. मग प्रत्येक खेपेपुढे लिहा, खानापुरात हे होईल का? बरंच होईल. खानापूर तालुक्याचं गाव आहे. बाजार आहे, सरकारी दवाखाना आहे, मराठी शाळा आहेत, रेल्वे स्टेशन आहे. माझं वेंगुर्ला रोडचं गाव तसं नव्हतं. वडिलांची महिन्याची तपासणी तिथे होते. पण रात्री-अपरात्री काही झालं तर हृदयाचा, मेंदूचा डॉक्टर बेळगावातच. दिवसा पाऊण तास लागतो, पावसाळ्यात रात्री किती लागतो ते एकदा स्वतः बघून या.

पावसाळा निघालाच तर जागा बघायच्या वेळेबद्दल. एजंट रविवारी सकाळी अकराला गाडीतून नेतो, एप्रिलमध्ये. रस्ता मोकळा, आभाळ निळं, 'बघा साहेब, पंचवीस मिनिटं!' तुम्ही जुलैमध्ये सोमवारी जा, बाइकवर, रेनकोट घालून, पहिल्या पाळीच्या वेळेला. खानापूर तालुक्यातला पाऊस बेळगावच्या पावसाला लाजवतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. रस्ता चौपदरी झाल्यापासून खानापूरचा प्रवास फार सुधारलाय हे खरं. गणेबैलचा टोलनाका दुचाकीला लागत नाही. चारचाकी घेणार असाल तर नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या खासगी गाडीला मासिक पास मिळतो, खानापूर त्यात बसतं. ऑगस्ट २०२५ पासूनचा फास्टॅग वार्षिक पास तुम्हाला उपयोगाचा नाही; त्यात २०० फेऱ्या असतात आणि रोज दोनदा नाका ओलांडणाऱ्याच्या त्या चार महिन्यांत संपतात.

रेल्वेचं बरेच जण विचारतात. बेळगाव, देसूर, इदलहोंड, खानापूर अशी स्टेशनं आहेत, तिकीट नगण्य आहे. पण गाडी तुमच्या पाळीच्या वेळेला हवी आणि परतीचीही हवी. आजचं वेळापत्रक बघून ठरवा. 'लोकल सुरू होणार' हेही एक 'येणार' आहे.

हिंदवाडीच्या फ्लॅटकडेही जरा संशयानं बघू. ४८ लाखांवर मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर सेस-अधिभार, आणि नोंदणी फी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून १ वरून २ टक्के झाली. सगळं मिळून साडेसात टक्क्यांच्या पुढे, म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त, आणि बँक ते कर्जात धरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळतं, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के. म्हणजे या फ्लॅटला किमान ९.६ लाख खिशातले आणि वर हे साडेतीन. त्यातून इमारत जुनी. गच्चीवर जाऊन बघा, पाण्याच्या टाकीखालच्या स्लॅबचा गंज बघा, आणि पार्किंग खरेदीखतात लिहिलंय का तोंडी आहे ते विचारा. जुन्या फ्लॅटची भिंत म्हातारी होते तशी त्याची किंमत खाली येते. जमिनीतला तुमचा वाटा किती हे खरेदीखतात चौरस फुटांत लिहिलेलं असतं, ते वाचा. खानापूरच्या घराखालची जमीन पूर्ण तुमची असेल. हा मुद्दा खानापूरच्या बाजूचा, आणि जड आहे.

त्याच बाजूचा आणखी एक: प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये, वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर व्याजावर १.८० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं, पाच वार्षिक हप्त्यांत. तुमच्या, पत्नीच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं. ४८ लाखांचा फ्लॅट यात बसतच नाही. बँकेत विचारा, कर्ज मंजूर व्हायच्या आधी.

बॉण्डवरच्या दीड गुंठ्याचं दोन ओळींत सांगतो: घेऊ नका. आणि मेव्हण्याशी वाकडं येऊ नये म्हणून कारणंही देतो. शंभर रुपयांहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत खताशिवाय विकली जात नाही, हा कायदा आहे. स्टॅम्पपेपरवर लिहून, पंचांच्या सह्या घेऊन तुम्हाला मिळतो तो कागद, जमीन नाही. उतारा मूळ शेतकऱ्याच्या नावावर राहतो, उद्या त्याच्या बहिणीनं हिस्सा मागितला की तुम्ही कोर्टात. बँक त्यावर कर्ज देत नाही, म्हणजे मला तिथे कधी पाठवतही नाही. मी अशी घरं बघतो ती भांडण लागल्यावर, वकिलांच्या सांगण्यावरून. बिगरशेतीचा आदेश नाही, बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी नाही. आता ई-खात्याशिवाय, म्हणजे मिळकतीच्या ऑनलाइन उताऱ्याशिवाय, नोंदणीही होत नाही. ग्रामपंचायत हद्दीत नमुना ९ आणि ११ मागा. कुणी '११ ब आहे ना' म्हणालं तर समजा की तो अनियमित मिळकतीचा नमुना आहे. शहरात तसंच 'बी खाता'.

जागेची जात बघा ती वेगळीच. वडगाव, येळ्ळूर, धामण्याकडची ती काळी, भात-मसुराची जमीन. शेतीला सोनं, पायाला वैरी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात फुगते. साधा दगडी पाया घातला की दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. तिथे नीट पाया घ्यायचा तर खर्च लाल मातीच्या जागेपेक्षा बराच वाढतो, म्हणजे गुंठ्यात वाचलेले पैसे मातीत जातात, शब्दशः. शिवाय बळ्ळारी नाला. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा, त्या शिवारात काय होतं ते तुम्ही अनगोळहून बघितलं असेल. आणि त्याच पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास जातो, ज्यावर शेतकऱ्यांचा लढा वर्षानुवर्षं चालू आहे. शहराभोवतीच्या रिंगरोडचाही विषय आहे. म्हणून या भागातली कोणतीही जागा घेताना सर्व्हे नंबर घेऊन राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालची ३ ए आणि ३ डी अधिसूचना राजपत्रात तपासून घ्या. ३ ए म्हणजे सरकारचा इरादा, ३ डी झाली की जमीन सरकारची. 'आमच्या प्लॉटला लागत नाही' असं विकणाऱ्यानं तोंडी सांगितलेलं चालत नाही.

कागद कन्नडमध्ये असतात, ही आपली नेहमीची अडचण. उतारा, म्युटेशन म्हणजे फेरफार, ईसी म्हणजे बोजाचा दाखला, सगळं. माझ्या मूल्यांकनाच्या फायलीत मी किती सुशिक्षित माणसं बघितलीत, ज्यांनी 'बोजा' या रकान्यातला मजकूर न वाचता सही केली. नीट कन्नड वाचणारा माणूस गाठा, त्याला त्याचे पैसे द्या, प्रत्येक ओळ मराठीत लिहून घ्या. ईसी किमान तीस वर्षांची काढा.

शिनोळीबद्दल. बेळगावपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास, महाराष्ट्रात, चंदगड तालुका. सातबारा मराठीत वाचता येतो हे सुख मोठं आहे. नोंदणी फी १ टक्का आणि तीही ३०,००० रुपयांच्या वर जात नाही, बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट. शेतजमीन मात्र शेतकरी नसलेल्याला घेता येत नाही. बिगरशेती झालेलाच प्लॉट बघा. आता तुमच्या खेपा. शिनोळी शहराच्या पश्चिमेला, कारखाना दक्षिणेला, शाळा शहराच्या पलीकडे. दोघांनाही हिंडलगा रोडनं शहरात शिरून पुन्हा बाहेर पडावं लागणार. ऊसहंगामात त्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग. आणि हद्द. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमावादावरून दोन्ही राज्यांच्या बसेस बंद पडल्या होत्या, हे तुम्ही अनुभवलंय. कोविडच्या काळात हद्द ओलांडायला तपासणीचा रिपोर्ट मागत होते. बाइकवाला आडवाटेनं जातो, पण बसवर अवलंबून असलेली शिक्षिका घरी बसते. कर्नाटकची मोफत बस, २०० युनिटपर्यंत मोफत विजेची गृहज्योती, रेशनकार्ड, सगळं पत्त्याबरोबर बदलतं. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, फुकट नाही.

मुलीचंही बघा, दुसरीत असली तरी. कर्नाटकात सीईटीतून सरकारी कोट्याच्या जागेसाठी साधारणपणे राज्यात सात वर्षं शिक्षण झालेलं लागतं. तिकडे महाराष्ट्रात वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, आणि आज तुम्ही ज्या पत्त्यावर आहात तो त्यात येतो. शिनोळीला गेलात तर ही दोन्ही दारं वेगळ्या पद्धतीनं उघडतील किंवा बंद होतील. त्या घरात तुम्ही वीस वर्षं राहणार आहात. तुमच्यासाठी मी शिनोळी बाजूला ठेवतो. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी असती तर उलट बोललो असतो.

मग काय? तुमच्या यादीत नसलेली जागा सांगतो. पिरनवाडी ते मच्छे हा पट्टा. विश्वेश्वरय्या तंत्र विद्यापीठाच्या अलीकडचा. मच्छे तुमच्या गेटपासून चार-पाच किलोमीटर, म्हणजे हिंदवाडीइतकंच, आणि तेही उलट्या दिशेनं, गर्दीत न शिरता. शहापूर नऊ-दहा किलोमीटर. बस सतत, कारण खानापूर रोडची प्रत्येक गाडी तिथून जाते. जुनं बैठं घर, स्वच्छ कागदांचं, चाळीसच्या आत शोधलं तर सापडतं. जाहिरातीत सापडत नाही, गल्लीतल्या किराणा दुकानात विचारावं लागतं. चाळीस धरू. हिंदवाडीपेक्षा ८ लाख कमी, म्हणजे हप्त्यात सुमारे ६,९०० कमी. तुमची खेप तेवढीच. पत्नीची सात-आठ किलोमीटर वाढते, दीड हजार. उरले ५,४००. खानापूरला जाऊन, स्कूटर घेऊन, सदुसष्ट तास घालवून उरत होते ५,९००. पाचशे रुपयांचा फरक.

मच्छ्याच्या बाजूला बायपासचं टोक येतं, तेव्हा वर सांगितलेली राजपत्राची तपासणी तिथेही करायची. पाणी कुठून येतं विचारा. शहरात राकसकोप-हिडकल धरणांचं पाणी असतं, बाहेर बऱ्याच ठिकाणी बोअर. मे महिन्यात शेजाऱ्याकडे टँकर येतो का ते शेजारणीला विचारा, मालकाला नाही.

खानापूर अजूनही मनात असेल तर एक करा. विसार न देता जूनपासून तीन महिने खानापुरात भाड्यानं राहा. अनगोळचं घर सुटेल, सामान हलवायचे आठ-दहा हजार जातील, जाऊ देत. तीन महिन्यांत पत्नीला स्कूटर घ्यावी लागली की नाही, एवढंच बघायचं. नाही लागली तर तुमचे महिन्याचे १०,५०० खरे आहेत आणि मी आनंदानं तुमच्या रो हाऊसला टेप लावायला येईन.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि माझं उत्तर तिच्यावर अडलंय. शाळेची पहिली घंटा किती वाजता होते? आठची असेल तर खानापूर सोडून द्या, मच्छ्यात घर बघायला लागा. साडेदहाची असेल तर कळवा, बसच्या वेळा घेऊन पुन्हा बसू.